आवळ्याचं गोत्र

परवाच आवळी नवमी झाली. तुमच्यातले काही जण आवळीखाली जेवूनही आले असतील. शाळेत आपण सगळ्यांनी पाठ केलं, गूजबेरी म्हणजे आवळा. आपलं जालना बियाण्यांचं गाव. पिशवीवर एक नाव आणि आत दुसरंच बी निघालं, तर काय होतं ते तुम्हाला मी सांगायला नको. इथेही तसंच झालंय.

खरी गूजबेरी थंड मुलखातली, कमरेएवढ्या उंचीची काटेरी झुडपं. तिची चुलत बहीण करंट. केकमध्ये घालतात ते करंट मात्र वाळलेली बारीक द्राक्षं. १७५३ साली वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने झुडपांमधल्या या दोन्ही बहिणी रायबीझ या एकाच प्रजातीत ठेवल्या. पुढच्याच वर्षी फिलिप मिलर या इंग्रज बागकाम-तज्ज्ञाने गूजबेरीची वेगळी चूल मांडली. त्याला आधारही होता: गूजबेरीला पेरापेरावर काटे आणि फुलं एकदोनच, करंटला सहसा काटे नाहीत आणि फुलांचा घोस लोंबतो. भांडण दीडशे वर्षांनंतरही मिटलं नव्हतं. पण या दोघींचा संकर होतो. जर्मनीत तयार झालेली जोस्टाबेरी त्यातलीच. सोयरीक जमते तिथे भिंत कशाला घालायची? आज बहुतेक शास्त्रज्ञ त्यांना एकत्रच ठेवतात.

आता आपला आवळा. डाळिंबाच्या टोकाला जसा मुकुट राहतो, तसं गूजबेरीच्या टोकाला सुकलेलं फूल चिकटून राहतं. आवळ्याला ते नाही. गूजबेरीच्या गरात बारीक बिया विखुरलेल्या; आवळ्यात कठीण आठळी. आणि पान? आवळ्याचं पान चिंचेसारखं संयुक्त वाटतं. पण चिंचेच्या पानावर कधी फूल आलेलं पाहिलंत? आवळ्याच्या त्या काडीवर, पानांच्या बगलेत, फुलं येतात. म्हणजे ती काडी पानाचा देठ नव्हे, डहाळीच आहे, आणि पानगळीत ती अख्खी गळते. फायलँथस, म्हणजे ‘पानफूल’, हे नाव त्यावरूनच.

आवळा पूर्वी एरंडाच्या कुलात होता. एरंडाच्या बोंडात तीन कप्पे, प्रत्येकात एक बी. आवळ्याच्या आठळीतही तीनच कप्पे, पण प्रत्येकात दोन. या दोन-एकच्या फरकाला डीएनएच्या अभ्यासाचा दुजोरा मिळाला आणि २००३च्या वर्गीकरणात आवळ्याचं कुल वेगळं झालं. भुईआवळी, रायआवळा हे त्याचे खरे भाऊबंद. सोयाबीनच्या रानात उगवणारी चिरबोट मात्र वांग्या-टोमॅटोच्या घरातली, तिची बहीण रसभरी इंग्रजीत ‘केप गूजबेरी’ म्हणवत असली तरी. आंबट-गोड गोल फळ दिसलं की गोऱ्या साहेबाने त्याला गूजबेरी म्हणावं, आणि आपण ते पाठ करावं!

आज घरी गेल्यावर एक आवळा चिरा, आठळी फोडा, बिया मोजा. बांधावरच्या एरंडाचं बोंडही सोबत घ्या. आणि मुलांच्या वहीत ‘गूजबेरी म्हणजे आवळा’ लिहिलेलं असेल, तर तेवढी ओळ खोडा.