वेड्या राघूची शेपटी



आमच्या नाशिकच्या पंचवटीत वडांना नंबर आहेत. सीतागुंफेच्या आसपास फिरलात तर पाट्या दिसतील. पाहुणे पाच मोजतात, फोटो काढतात आणि काळारामाकडे वळतात. मान वर करून झाड बघणारा एखादाच. वडाला लाल फळं धरली की दिवसा तांबट, कोकिळा, साळुंक्या आणि रात्री वटवाघळं, अशी दोन पाळ्यांत पंगत बसते. आणि फळ फोडून पाहिलं तर आत जेमतेम डोळ्याला दिसणारी चिलटं. ती नसतील तर वडाला बी धरत नाही, आणि वड नसेल तर त्यांना घर नाही. बाकीची झाडं रिकामी असतात तेव्हाही एखादा वड, एखादा उंबर फळलेला असतो. म्हणून ही झाडं तोडायची नाहीत ही आपली जुनी रीत नुसती भाबडी नव्हे, हे शास्त्राच्या भाषेत मांडणाऱ्यांत एक नाव फार मोठं आहे. माधव गाडगीळ. आज त्यांच्याविषयी बोलायचं आहे.

जन्म पुण्याचा, २४ मे १९४२. वडील धनंजयराव गाडगीळ, प्रवरानगरच्या सहकारी साखर कारखान्यामागचे अर्थशास्त्रज्ञ. घरातच पक्षी बघायचा नाद. माधव चौदा वर्षांचा असताना त्याला एक कोडं पडलं. वेड्या राघूच्या शेपटीत मधोमध सुईसारखी दोन पिसं असतात. समोरच्या राघूंच्या शेपटीत ती दिसेनात. मुलाने थेट पक्षितज्ज्ञ सलीम अलींना पत्र टाकलं, आणि त्यांचं उत्तर आलं : पिसं गळतात, पुन्हा येतात. एवढंच. पण पुढे जे काही झालं, त्याची सुरुवात मला या पत्रात दिसते. जे दिसतंय त्यापेक्षा जे दिसायला हवं होतं आणि दिसत नाही, त्याच्यावर या माणसाची नजर आधी जायची.

हार्वर्डला गणित आणि संगणक हाताशी धरून १९६९ साली पीएच.डी. झाली. तिथे राहता आलं असतं. पण ते आणि पत्नी सुलोचनाबाई दोघंही परत आले आणि १९७३ पासून बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेत रुजू झाले. बाईंनी मान्सून घेतला, यांनी जंगल. एका घरात ढग आणि झाडं दोन्ही!

आता त्यांच्या कामातली एक गोष्ट जवळून सांगतो. उत्तर कन्नडच्या जंगलात बांबू झपाट्याने संपत चालला होता. दांडेलीच्या कागद गिरणीला तो टनाला दीड रुपया अशा मातीमोल दराने मिळे, आणि टोपल्या विणणाऱ्या बुरुडाला बाजारभावाने घ्यावा लागे. बांबू का संपतो? साहेब लोकांचं उत्तर तयार होतं : गावकऱ्यांची गुरं. गाडगीळ आणि त्यांचे विद्यार्थी बेटं मोजत हिंडले, गावात बसले. गावकऱ्यांनी सांगितलं ते असं. बांबूच्या बेटाच्या बुडाशी काट्यांचं जाळं असतं. वाढ मोकळी व्हावी म्हणून वनखात्याची माणसं ते काटे साफ करतात. कुंपण गेलं की पावसाळ्यात फुटणारा लुसलुशीत कोंब जनावराच्या तोंडाशी आला. मोजणी केली तेव्हा गावकरीच बरोबर निघाले. गुरं कोंब खात होती हे खोटं नव्हतं. पण त्यांना दार उघडून देणारा कोण, हा प्रश्न कुणी विचारला नव्हता.

दुसरी गोष्ट भरतपूरची, आणि ती सांगणं त्यांना जड गेलं असेल. पक्ष्यांच्या त्या अभयारण्यात १९८२ साली म्हशी चरायला बंदी झाली. लोक चिडले, गोळीबार झाला, माणसं गेली. बंदीला खुद्द सलीम अलींचा पाठिंबा होता. पुढे अभ्यासात दिसलं की म्हशी गेल्यावर पाणगवत माजलं, उथळ पाणी झाकून गेलं आणि पाणपक्ष्यांनाच जागा उरेना. ज्यांच्या एका पत्राने आयुष्याला वळण लागलं, त्या गुरूचा सल्ला इथे चुकला, हे गाडगीळांनी लिहून ठेवलं. म्हैस बाहेरची नव्हती, त्या तळ्याचाच भाग होती.

या दोन गोष्टी कळल्या की त्यांच्या अध्यक्षतेखालच्या पश्चिम घाट समितीचा अहवाल कळायला अवघड जात नाही. २०१० साली समिती नेमली, २०११ च्या ऑगस्टमध्ये अहवाल गेला. तापीपासून कन्याकुमारीपर्यंतचा डोंगर, १ लाख २९ हजार चौरस किलोमीटर. त्यात आपला ब्रह्मगिरीही आला, म्हणजे गोदावरीचं उगमस्थान. कुठे काय चालेल याचे तीन थर सुचवले आणि अखेरचा निर्णय ग्रामसभेत व्हावा असं म्हटलं. अहवाल बरेच महिने दडपून ठेवला गेला आणि दरम्यान गावोगाव 'आता घरसुद्धा बांधता येणार नाही' अशी आवई उठली. ग्रामसभेवरचा त्यांचा विश्वास मला थोडा जास्तच वाटतो. कोरमसाठी माणसं गोळा करताना ज्यांची दमछाक झाली आहे त्यांना मी काय म्हणतोय ते कळेल. पण हेही खरं की दांडेलीचं उत्तर त्यांना गावातच सापडलं होतं.

आता हीच नजर घेऊन जरा आमच्या गोदाघाटावर या. २००३ च्या कुंभमेळ्याच्या सुमारास रामकुंड परिसरात नदीच्या तळाला काँक्रीट झालं. घाट स्वच्छ दिसायला हवा, पाय घसरू नयेत, हेतू चांगलाच. पण तळाचे जिवंत झरे त्याखाली गेले, अशी तक्रार गोदाप्रेमी कोर्टापर्यंत घेऊन गेले. २०१६ सालचं तर तुम्हाला आठवत असेल. एप्रिलात रामकुंड कोरडं पडलं, पाडव्याच्या दिवसांत टँकरने पाणी आणून ओतावं लागलं. आणि त्याच वर्षी ऑगस्टच्या सुरुवातीला घाटावरची दुतोंड्या मारुतीची मूर्ती पुरात बुडाली. नदी तीच, कुंड तेच, मध्ये चार महिने. धरणाचं गेट, वरचा उजाड डोंगर, शहरातला डांबरी रस्ता, नाले, तळाचं काँक्रीट, यांतलं एकेक सुटं धरून बोललात तर प्रत्येकाकडे आपापल्या बचावाचा कागद आहे.

२००२ च्या जैवविविधता कायद्याने गावोगावी लोकांनी आपल्या परिसराची नोंदवही लिहायची आहे. ती कल्पनाही गाडगीळांनी लावून धरलेली. आमच्या घाटाची वही लिहायची झाली तर मी आधी बुधवारच्या बाजारात जाईन. तिथे वर्षानुवर्षं टोपल्या मांडणाऱ्या बाया आहेत. मारुतीच्या गुडघ्याला पाणी लागलं की माल उचलायचा, कमरेला आलं की पोरांना हाका मारायच्या. पुराचा भोंगा वाजेपर्यंत त्यांच्या टोपल्या वरच्या पायरीवर गेलेल्या असतात.