मापातले धान्य आणि मुलांचा वाटा

(शालेय पोषण आहाराची व्यवस्था पाहणारे मुख्याध्यापक, पंचायत सदस्य व स्वयंपाकी भगिनी यांच्यासमोर केलेले भाषण)



आपल्या घरांत एके काळी निळवे, कोळवे, चिपटे, मापटे, शेर, अधोली आणि पायली अशी मापांची चढती भांडी असत. प्रत्येक माप आधीच्या मापाच्या दुप्पट. पुढे १९५६ साली वजनमापांचा कायदा झाला आणि १ ऑक्टोबर १९५८ पासून दशमान पद्धती टप्प्याटप्प्याने अमलात आली. पायली मागे पडली, किलो रूढ झाला. परंतु स्वयंपाकघरातील हात अद्याप मापानेच चालतो. त्यात गैर काही नाही. मात्र माप जागा मोजते आणि तराजू वजन मोजतो, हा भेद विसरून चालणार नाही.

शालेय पोषण आहाराचे प्रमाण वजनात ठरलेले आहे. पहिली ते पाचवीच्या मुलास दररोज १०० ग्रॅम धान्य व २० ग्रॅम डाळ. सहावी ते आठवीच्या मुलास १५० ग्रॅम धान्य व ३० ग्रॅम डाळ. आता असे समजा की, प्राथमिक शाळेत ६० मुले उपस्थित आहेत. तांदूळ हवा ६ किलो. एक लिटरचे भांडे म्हणजे एक किलो, असे धरून सहा भांडी तांदूळ घेतला. पण लिटरभर तांदळाचे वजन सुमारे ८०० ग्रॅम भरते. म्हणजे प्रत्यक्षात शिजला ४ किलो ८०० ग्रॅम. प्रत्येक मुलाच्या ताटातून २० ग्रॅम तांदूळ कमी झाला, आणि तोही कोणाच्या मनात काही वावगे नसताना! खरी गरज साडेसात भांड्यांची होती.

उलट, भांडे शिगोशीग भरले तर पोती लवकर संपतात, साठा नोंदवहीतील शिल्लक जुळत नाही आणि निरपराध माणसावर संशय येतो.

प्रत्येक जिन्नसाची गोष्ट निराळी. त्याच भांड्यात पीठ तांदळापेक्षा हलके भरते. २०० मिलिलिटरच्या वाटीत सैल भरलेले गव्हाचे पीठ सुमारे १०० ग्रॅम, तर दाबून भरलेले १२५ ग्रॅमच्या वर जाते. पाच मिलिलिटरच्या सपाट चमच्यात मीठ सुमारे सहा ग्रॅम, पण हळद त्याच्या निम्मीच.

यावर उपाय सोपा आहे. शाळेने सरळ काठाचे एक भांडे कायमचे नेमावे. ते रिकामे तोलावे. मग तांदूळ न दाबता, न आपटता भरून काठावरून सरळ पट्टी फिरवावी व पुन्हा तोलावे. रिकाम्या भांड्याचे वजन वजा करावे. असे तीनदा करून सरासरी काढावी. डाळ, पीठ, मीठ यांचेही तसेच करावे आणि आलेले आकडे स्वयंपाकघराच्या भिंतीवर रंगाने लिहावेत. नव्या जातीचा तांदूळ आला की पुन्हा एकदा तोलून पाहावे. शाळेत तराजू नसेल तर गावातील दुकानदाराचा प्रमाणित तराजू तासभर मागून आणावा.

हे काम सातवीच्या मुलांकडून करवून घेतले तर गणिताचा एक उत्तम तासही होईल. पंचायत सदस्यांनी शाळेस भेट देताना भिंतीवरील ते आकडे अवश्य वाचावेत. मुलाचा वाटा कागदावर ग्रॅममध्ये लिहिलेला आहे. तो ताटातही तेवढाच पडावा, ही जबाबदारी आपणा सर्वांची आहे.