झांकणाची बिजागरी

नांदेड जिल्ह्यांतील इस्लापूरजवळ पैनगंगेचा सहस्रकुंड धबधबा आहे. तेथील तुषार पाहण्यास लोक दुरून येतात. वाटेंत बाटली उघडतांना उडणारे तुषार मात्र कोणासच नको असतात. जुन्या फिरकीच्या तांब्यानें सांडलवंड टाळली, परंतु तो उघडण्यास दोन्ही हात लागतात. कडेवर मूल असलेल्या मातेस एका हातानें उघडणारें बिजागरीचें झांकणच सोयीचें.

तथापि त्यांत एक खोड असते. बाटली हालली कीं झांकणाच्या आंतल्या बाजूस थेंब साचतात आणि बिजागरी झटक्यानें उलटतांच ते फेंकले जातात. पाणी असल्यास हंसण्यावारी जातें. फिनेल असल्यास डोळ्यांवर बेततें.

उपाय साधा आहे. झांकणास आंतून, तोटीच्या छिद्रांत घट्ट बसणारी खुंटी असावी, म्हणजे द्रव वर चढत नाहीं. ओततांना धार उसळूं नये म्हणून हवेस आंत शिरण्यासाठीं निराळें छिद्र असावें. १९५४ सालीं इटलींत ज्यूलिओ नात्ता यांनीं स्फटिकी पॉलिप्रॉपिलीन तयार केलें. या द्रव्याची पातळ पट्टी हजारों वेळां वांकूनही तुटत नाहीं, म्हणून बिजागरी झांकणाबरोबरच एकसंध घडवितां येते. ती सावकाश उलटेल इतकी मवाळ असावी.

नव्या बाटलींत प्रथम पाणी भरून ती हलवावी व उघडून पाहावी. हात कोरडा राहिला, तर रचना साधली.