वैमानिकाचा पगार व त्याचें बळ



गेल्या महिन्यांत बोईसरचे एक गृहस्थ माझ्या पालघरच्या घरीं आले. तारापूरच्या औद्योगिक वसाहतींत ते फिटर आहेत. मुलगा बारावीला, त्याला वैमानिक करण्यासाठीं जमीन गहाण ठेवण्याचा त्यांचा विचार. "मास्तर, शिक्षणाला अर्ध्या कोटीवर खर्च आहे खरा, पण पोरगा एकदां विमान चालवूं लागला कीं त्याच्या पगाराला कोण हात लावील?" मी केवळ मॅट्रिक झालेला शिक्षक, विमानविद्येंत मला गति नाहीं. परंतु वर्तमानपत्रांचीं कात्रणें जपण्याची खोड आहे, ती त्या दिवशीं उपयोगीं पडली.

सप्टेंबर २००९ मध्यें जेट एअरवेजच्या वैमानिकांनीं आजारपणाच्या रजा टाकून पांच दिवस विमानें अडविलीं. संघटना काढल्यावरून बडतर्फ झालेल्या सोबत्यांना परत घ्यावें, हें त्यांचें मागणें कंपनीला मान्य करावें लागलें. पुढें २०१९ च्या आरंभीं त्याच कंपनींत पगार थकले. त्याच संघटनेनें 'पगार नाहीं तर काम नाहीं' असें ठरविलें; पण तो निर्धार तिला दोन वेळां पुढें ढकलावा लागला. बुडत्या नावेंत वल्हें टाकून रुसावयाचें कोणावर? १७ एप्रिल २०१९ च्या रात्रीं कंपनीचें शेवटचें विमान उतरलें. सनद तीच, कौशल्य तेंच; मात्र ज्याच्यापाशीं मागावयाचें त्याची थैलीच रिकामी झाली होती.

मग दुसरीकडे जावें, असें आपण म्हणाल. बोईसरचा फिटर आपला पाना घेऊन शेजारच्या कारखान्यांत जातो. वैमानिकाच्या परवान्यावर विमानाच्या जातीची नोंद असते. बोइंग ७३७ चालविणारास एअरबस ३२० हवें तर पुन्हां शिक्षण, पुन्हां परीक्षा. शिवाय सरकारच्या विमान खात्यानें २०१७ सालीं नियम केला, कीं नोकरी सोडतांना कप्तानानें एक वर्ष व सहवैमानिकानें सहा महिने आधीं सूचना द्यावी. कंत्राटी मजुरास सायंकाळीं 'उद्यां येऊं नकोस' म्हणतात. याला जाऊं देत नाहींत! २०२३ सालीं वैमानिकांना मागणी आली, आणि सूचनेची मुदत न भरतां गेलेल्या कांहीं जणांविरुद्ध अकासा एअर ही कंपनी मुंबई उच्च न्यायालयांत गेली.

तरी वैमानिक दुर्बळ आहे असें मी म्हणत नाहीं. १ नोव्हेंबर २०२५ पासून विश्रांतीचे नवे नियम लागू होऊन आठवड्यांतील रात्रीच्या अवतरणांची मर्यादा सहावरून दोनवर आली. पुरेसे वैमानिक हाताशीं नसल्यामुळें डिसेंबरांत इंडिगोचीं हजारों उड्डाणें रद्द झालीं, आणि सरकारला त्या कंपनीपुरती तात्पुरती सवलत द्यावी लागली. संप कोणीं केला नव्हता. नुसत्या तुटवड्यानें एवढें झालें. पण हा तुटवडा मुलगा शिकून येईपर्यंत टिकेल, याची हमी बँक देत नाहीं. हप्ता मात्र मागते.

गृहस्थांना मीं दोनच गोष्टी सुचविल्या: शुल्क भरण्यापूर्वीं मुलाची वैद्यकीय तपासणी, आणि पहिलीं दोन वर्षें नोकरी नाहीं असें धरून हिशेब. त्यांनीं तेथेंच वही मागितली. हप्ते मांडतां मांडतां सहाव्या ओळीला त्यांचा हात थांबला. जमिनीचा उतारा त्यांनीं घडी घालून खिशांत ठेवला. तपासणीसाठीं मुलाला घेऊन ते पुढच्या आठवड्यांत मुंबईस जाणार आहेत.