दलदलीचे पाणी आणि तुरटीचे माप



मृगाचा पाऊस पडून नदीला गढूळ पाणी आले की आपल्याकडे घागरीत तुरटी फिरवतात. थोड्या वेळाने गाळ तळाशी बसतो. आज आम्ही ज्या पाण्याविषयी बोलणार आहोत, त्यालाही तुरटी चालते. पण ती सवयीने नव्हे, हिशेबाने घालावी लागते.

इंडोनेशियात सुमात्रा बेटावर आणि बोर्निओच्या कालिमंतान भागात पीटची विस्तीर्ण दलदल आहे. पीट म्हणजे पाण्याखाली हवा न मिळाल्यामुळे पुरती न कुजता, हजारो वर्षे थरावर थर साचलेली झाडझाडोऱ्याची रास. तिच्यातून झिरपलेले पाणी कोऱ्या चहासारखे दिसते. त्यात गाळ फारसा नसतो, पण रंग जात नाही. शिवाय ते आम्लधर्मी. त्याचा पीएच बहुधा ३ ते ५. दाराशी पाणी आणि पिण्यासाठी मात्र पावसाची वाट, अशी तेथील पुष्कळ कुटुंबांची स्थिती आहे.

हा रंग ह्यूमिक आम्लांचा. त्यांच्या अतिसूक्ष्म कणांवर ऋण विद्युद्भार असतो. ते एकमेकांना दूर लोटतात, म्हणून कितीही दिवस ठेवले तरी खाली बसत नाहीत. तुरटीतील ॲल्युमिनियम धनभारित. ते हा भार नाहीसा करते. मग दुधात लिंबू पिळल्यावर चोथा वेगळा व्हावा, तसे कणांचे पुंजके बनतात.

मग अडते कोठे? तुरटी स्वतःच पाण्याची आम्लता वाढवते. नदीच्या पाण्यात ती सोसणारे क्षार असतात. पीटच्या पाण्यात ते जवळजवळ नसतात. म्हणून जोडीला चुना किंवा सोडा हवा. तोही बेतानेच, कारण रंग चांगला सुटतो तो साधारण ५ ते ६ पीएचच्या दरम्यान. माप चुकले तर ॲल्युमिनियमच पाण्यात उरते. पॉलिॲल्युमिनियम क्लोराइडला क्षार कमी लागतो, पण मापातून त्याचीही सुटका नाही. यासाठी एकाच पाण्याचे पाचसहा पेले भरून प्रत्येकात वेगळी मात्रा घालतात. आधी जोराने, मग हळू ढवळतात आणि कोणता पेला नितळतो ते पाहतात. पाणी बदलले की ही परीक्षा पुन्हा!

कोणी म्हणेल, रंगाने काय बिघडते? क्लोरीन घाला, जंतू मेले की झाले. येथेच धोका आहे. १९७४ साली हॉलंडमधील योहानेस रूक यांनी दाखवून दिले की, क्लोरीन पाण्यातील अशा सेंद्रिय द्रव्यांशी संयोग पावून क्लोरोफॉर्मसारखे अपायकारक पदार्थ तयार करते. तेव्हा आधी रंग काढावा, मग गाळावे आणि शेवटी क्लोरीन द्यावे, हाच क्रम योग्य.

तुरटी स्वस्त आहे, चुनाही स्वस्त आहे. महाग आहे ती रोज माप घेणारी दक्षता. दलदलीकाठच्या गावाला यंत्र देऊन हात झटकले, तर ते पाणी उद्या पुन्हा चहाच्या रंगाचे होईल. यंत्राबरोबर गावातील चार माणसांना ती पेल्यांची परीक्षा शिकवावी, एवढेच आमचे मागणे आहे.