श्रद्धेची मोजपट्टी



ताप थर्मामीटरने मोजता येतो, हिमोग्लोबिन प्रयोगशाळेत. पण कॅन्सर झालेल्या माणसाची श्रद्धा किती, हे कशानं मोजायचं? आणि मुळात मोजायचं कशाला?

कारण निदान कळल्यावर अनेक रुग्ण पहिला आधार शोधतात तो प्रार्थनेत. त्या आधाराचा मनावर आणि उपचारांवर काय परिणाम होतो, हे तपासायचं तर नुसत्या अंदाजावर भागत नाही.

अमेरिकेतल्या सांता क्लारा विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ थॉमस प्लांटे यांनी मार्कस बोकाचिनी यांच्यासह १९९७ साली एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. तिच्यात विधानं फक्त १०. मी रोज प्रार्थना करतो, श्रद्धेमुळे माझ्या जगण्याला अर्थ येतो, माझ्या निर्णयांवर तिचा प्रभाव पडतो, अशा आशयाची. प्रत्येक विधान कितपत पटतं, त्यानुसार १ ते ४ गुण. म्हणजे बेरीज १० ते ४० च्या दरम्यान. कोणत्याही धर्माच्या माणसाला ती वापरता यावी, हा हेतू. २००१ मध्ये कॅन्सरच्या रुग्णांवरच्या अभ्यासातही ती भरवशाची ठरली.

पण समजा, एखाद्या बाईंना ४० पैकी ३८ गुण मिळाले. त्या शांत आहेत, असं म्हणावं का? कदाचित रात्र रात्र जागून त्या विचारत असतील, ‘देवा, माझं काय चुकलं?’ श्रद्धा तीच. एकाला ती धीर देते, दुसऱ्याला शिक्षा झाल्यासारखी बोचते. केनेथ पार्गमेंट या मानसशास्त्रज्ञांनी हा फरक ओळखून दोन्ही बाजू वेगवेगळ्या मोजणारी प्रश्नावली केली.

हा केवळ पंडितांचा वाद नव्हे. २००९ मध्ये अमेरिकेत बळावलेल्या कॅन्सरच्या ३४५ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. धर्माचा आधार अधिक घेणाऱ्यांपैकी १३.६ टक्के रुग्णांना अखेरच्या आठवड्यात व्हेंटिलेटरसारखे उपचार मिळाले; कमी घेणाऱ्यांत हे प्रमाण ४.२ टक्के होतं. श्रद्धेमुळेच असं घडलं, हे यातून सिद्ध होत नाही. पण शेवटच्या निर्णयांशी तिचं नातं आहे, एवढं नक्की दिसतं. म्हणून हे बोलणं वेळेवर व्हायला हवं.

घरात कुणी आजारी असेल, तर ‘देवावर भरवसा ठेवा, सगळं ठीक होईल’ असं म्हणून आपण मोकळे होतो. त्याऐवजी जवळ बसून विचारू या, ‘तुम्हाला कशाचा आधार वाटतो? आणि भीती कशाची वाटते?’ उत्तर आलं, की मध्ये न बोलता ऐकू या. ४० गुणांच्या कागदावर न मावणारं बरंचसं तिथे कळतं.