बाजाराचा वार आणि सात ग्रह

खानदेशांतील सावदें येथील आठवड्याच्या बाजारांत निमाड व वऱ्हाडाकडील किंमती गुरें विक्रीस येत, अशी नोंद विसाव्या शतकाच्या आरंभींच्या इंपीरियल गॅझेटियरांत आहे. इतक्या दूरचा व्यापारी नेमक्या दिवशीं येऊन पोंचे, तो वाराच्या भरंवशावर. हा वार आला कोठून?

दिवस सूर्यावरून व महिना चंद्रावरून ठरला. सात दिवसांच्या आठवड्यास आकाशांत असा उघड आधार नाहीं. ज्यू लोकांनीं सातवा दिवस विश्रांतीचा मानला. ग्रहांचीं नांवें ग्रीक-रोमन जगांत मिळालीं. शनि, गुरु, मंगळ, रवि, शुक्र, बुध, चंद्र या क्रमानें दर तासाला, म्हणजे होरेला, एक ग्रह स्वामी मानीत. चोवीस तासांत सातांच्या तीन फेऱ्या होऊन तीन उरतात. म्हणून शनीनंतरच्या दिवसाची पहिली होरा रवीची, त्यापुढील दिवसाची चंद्राची. पहिल्या होरेचा स्वामी तोच त्या दिवसाचा वार.

वेदांगज्योतिषांत तिथि व नक्षत्रें आहेत, वार नाहींत. एरण येथील गुप्त संवत् १६५, म्हणजे इ. स. ४८४ च्या शिलालेखांत मात्र गुरुवार स्पष्ट आहे.

पुढें वार घरोघर रुळले, तरी मुंबईच्या गिरणीकामगारास साप्ताहिक विसांवा नव्हता. नारायण मेघाजी लोखंडे यांनीं त्यासाठीं चळवळ केली आणि १० जून १८९० रोजीं रविवारची सुटी मान्य झाली. ज्यू लोकांच्या विश्रांतिदिनामागील मूळ कल्पना अशा रीतीनें येथील मजुराच्या घरीं पोंचली.